सरकारमान्य किरकोळ

सहदेव ठोंबऱ्याचे कान तसे चांगले होते. तीन शेतं पलीकडे म्हैस खोकली तरी त्याला ऐकू यायचं. फक्त स्वतःचं नाव तेवढं त्याला ऐकू येत नसे. "सहदेवा" म्हणा, "ठोंबरे" म्हणा, त्याची आई मारायची तशी "सद्या रं" अशी लांबलचक हाक मारा, तो आपला भाताच्या बांधावरून काठी टेकत सरळ चालत राहायचा. मग हाक मारणारा थकून "डाक्टर" म्हणायचा. तसा सहदेव जागच्या जागी थांबायचा, सावकाश वळायचा आणि नुकताच झोपेतून उठल्यासारखा विचारायचा, "मला म्हणलात?"

हे डॉक्टरपण त्याने मुंबईहून आणलं होतं. पन्नास-बावन्न सालच्या सुमारास तो तिकडे गुरांच्या एका इस्पितळात कामाला लागला. काम काय, तर डॉक्टर बैलाला सुई टोचत असताना बैलाचं दुसरं टोक धरून उभं राहायचं. ते टोक त्याने चार-पाच वर्षं इमानाने धरलं. बैलाच्या त्या बाजूने वैद्यकशास्त्र जेवढं दिसतं तेवढं सगळं त्याला दिसलं, आणि पुरेसं दिसलं असं वाटल्यावर तो गावी परतला. बरोबर एक खाकी कोट, पत्र्याच्या डबीत काचेची सिरिंज, आणि "केस सीरियस हाय" एवढं इंग्रजी.

आमचं गाव कुंभिवलीपासून आत. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येतो पण धूळ येत नाही, इतकं आत. गावात माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि औषध कशाशी खातात हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्यामुळे सहदेवाचं बस्तान बसायला वेळ लागला नाही. त्याच्याकडे औषधं दोनच. एक जांभळं पाणी, ते बाहेरून लावायचं. दुसरं टर्पेंटाइन आणि गोडेतेल, ते बांबूच्या नळ्याने घशात ओतायचं. आजार बाहेरचा की आतला एवढं ठरलं की निदान संपलं. निम्मी गुरं बरी व्हायची, ती सहदेवाने बरी केलेली असत. उरलेली मरायची, ती मालकाने उशीर केल्यामुळे मरत. "काल का नाय बोलावलंत," असं तो मेलेल्या बैलाच्या कपाळावरून हात फिरवत इतक्या दुःखाने म्हणायचा की मालकाला आपणच बैल मारल्यासारखं वाटायचं आणि तो ओशाळून घरात चहा टाकायला सांगायचा.

मोबदल्याची त्याची एक रीत होती. नुसतं "डाक्टर" म्हणणाऱ्याकडून तो पायलीभर भात घ्यायचा. "डाक्टरसाहेब" म्हणणाऱ्याकडून काही घेत नसे. ही रीत गावाच्या ध्यानात यायला एक पावसाळाही लागला नाही. बघता बघता अख्खा गाव त्याला "डाक्टरसाहेब" म्हणू लागला. सोनुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची गाय बाराही महिने लंगडायची. ती तर "डाक्टरसाहेबमहाराज" म्हणायची आणि वर त्याच्याच घरून गुळाचा खडा घेऊन जायची. इतका स्वस्त गुरांचा दवाखाना सबंध कुलाबा जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाला नसेल. आमचा खर्च काय, तर जिभेचा.

घर चालवायची त्याची बायको, बायजा. भात लावायची ती, वाल पेरायची ती, खोपोलीच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची ती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज तिने पाळलाच, पण "अवं, ऐकलंत का" असल्या आडवळणाने ती कधी गेली नाही. ती थेट "डाक्टर" म्हणायची. "डाक्टर, जेवाय चला." "डाक्टर, शेण कोन काढंल?" लग्नाकार्यात बायका एकमेकींना नाव घ्यायला अडवतात, तेव्हा बाकीच्या दोन ओळी जुळवून शेवटी लाजत नवऱ्याचं नाव घेत. बायजाचा उखाणा ठरलेला:

"वालाच्या येलाला शेंगा लागल्या येलभर,
गोठ्यात हंबरली गाय, म्हणे आलं माजं डाक्टर."

"अगं नाव घे, धंदा काय सांगतंस?" बायका म्हणायच्या.

"त्येच नाव हाय त्यांचं," बायजा म्हणायची. त्यावर बायका पदरात तोंड घालून हसायच्या, आणि बायजाला वाटायचं आपला उखाणाच तसा फक्कड आहे.

पुढे सहदेवाने खोपोलीच्या पेंटरकडून लाकडी चौकटीत बसवलेली पत्र्याची पाटी करून आणली. "डॉ. सहदेव ठोंबरे, गुरांचे डॉक्टर, मुंबई रिटर्न." पेंटर सिनेमाच्या पाट्या रंगवणारा होता, त्यामुळे "डॉ." मधून लाल ज्वाळा निघत होत्या. पाटी दारावर लागली आणि पंधरा वर्षं सगळं सुरळीत चाललं. म्हणजे निम्मी गुरं मरत राहिली.

सत्तर साल उलटल्यावर सरकारला गुरांची काळजी वाटू लागली. कायदा झाला. गुरांच्या पदवीधर डॉक्टरांनी आपली नावं सरकारदरबारी नोंदवायची, आणि ज्याची नोंद नाही त्याने स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही. हा कायदा मुंबईत झाला आणि आमच्या गावात एका जीपमधून आला. जीपमध्ये खालापूरच्या गुरांच्या दवाखान्याचे नवे अधिकारी होते, डॉक्टर सबनीस. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा सरळ माणूस. वाईट अजिबात नव्हते. फक्त हसण्यासाठी लागणारा एखादा स्नायू त्यांना देवाने द्यायचा राहून गेला होता. जीपमधूनच त्यांनी ज्वाळा पाहिल्या आणि सहदेवाला खालापूरला बोलावून घेतलं.

सहदेव कोट घालून गेला. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला भेटीला बोलावलं याचं त्याला अप्रूप होतं. सबनीसांनी विचारलं, नोंदणी आहे का. सहदेवाला वाटलं बैलाची विचारतायत. तो म्हणाला, बैल घरचा हाय, नोंदवायचा काय.

"पदवी कुठली तुमची?" सबनीसांनी विचारलं.

"डाक्टर."

"ती कुणी दिली?"

"गावानं दिली, साहेब."

सबनीसांच्या पुढ्यात लसीच्या बाटल्यांचं खोकं फुटून आलेलं होतं आणि त्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. "मग गावाला परत देऊन टाका," ते म्हणाले आणि बाटल्या मोजायला लागले. माशी हाकलावी तसं ते बोलून गेले. पण सहदेवाने सरकारचं बोलणं इतक्या जवळून आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याने तो हुकूम मानला.

हुकूम कसा बजावायचा हे विचारायला तो गजाकडे गेला. गजाचं कुंभिवलीला हमरस्त्यावर चहा-वड्याचं हॉटेल होतं. गजा सातवीपर्यंत शिकला होता, पेपर मोठ्याने वाचायचा, आणि त्याच्या हॉटेलात वड्याबरोबर चटणी आणि चटणीबरोबर कुणाची तरी अब्रू मिळायची. सहदेवाचं सगळं ऐकून घेतल्यावर गजाने हातातला झारा खाली ठेवला. इतका आनंद त्याला मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता.

"पदवी परत देनं म्हंजी खायचं काम नाय, डाक्टर," तो म्हणाला. "वाजतगाजत आली, वाजतगाजतच गेली पायजे."

"ती कुठं आली वाजतगाजत?"

"म्हनून तर सरकारनं धरलं तुमाला."

हे सहदेवाला पटलं. त्यातली खुबी अशी की ते कुणालाही पटलं असतं. देवाला निरोप द्यायचा तर पाट लागतो, गुलाल लागतो, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक, मग सरकारी चीज नुसती खुंटीवरून काढून कशी द्यायची? गणपती नुकतेच गेले होते. ढोल अजून देवळातच होते, गुलालही उरला होता. गावकीने बसून दिवस ठरवला.

त्या दिवशी बायजाने खाकी कोट धुऊन वाळवला. पाटी दारावरून उतरवून पाटावर ठेवली. जास्वंदीचा हार घातला. बायजाने दारात उभं राहून पाटीला ओवाळलं, सहदेवाच्या हातावर दही घातलं. सहदेवाने पाट डोक्यावर घेतला आणि तो अनवाणी पुढे निघाला. मागे ढोल, त्यामागे अख्खा गाव. ज्यांची गुरं त्याने बरी केली होती ते होते, ज्यांची मेली होती तेही होते, आणि नाचत दोघेही सारखेच होते. "डाक्टरबाप्पा" एकाने म्हणायचं, "मोरया" बाकीच्यांनी. सोनुबाई आपल्या लंगड्या गाईला घेऊन आली होती. गाईच्या कपाळालाही गुलाल होता. सहदेवाचा चेहरा अगदी गंभीर होता. आपल्याला एवढा मोठा निरोप मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोनदा त्याने डोळे पुसले. हात पाटावर असल्यामुळे ते खांद्याला पुसावे लागले.

पाताळगंगेत तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने पाटी सोडली. पाटी बुडेना. लाकडी चौकटीमुळे ती तरंगली. त्याने खाली दाबली, ती वर आली, आणि वर येताना आधी "डॉ." यायचा. पुन्हा दाबली, पुन्हा "डॉ.". काठावर माणसं पोट धरून खाली बसली. ढोलवाल्याला टिपरू धरवेना. सहदेव दोन्ही हातांनी पाटीवर रेलला, पाय सरकून नाकातोंडात पाणी गेलं, तो खोकत वर आला, आणि शेजारी त्याच्या आधी पाटी वर आलेली.

"डाक्टर," गजा काठावरून म्हणाला, "केस सीरियस हाय."

शेवटी सहदेव त्या पाटीवर उभा राहिला. आपल्या नावावर दोन्ही पाय देऊन, चिखलात रुतेपर्यंत उभा राहिला. मग तो वर यायला वळला आणि त्याने काठावरची तोंडं पाहिली. इतका वेळ ती त्याच्या पाठीमागे होती. "पुढच्या वर्षी लवकर या," असं कुणीतरी म्हणत होतं. बायजा आरतीचं ताट हातात धरून तशीच उभी होती. निरांजन कधीच विझलं होतं आणि ताट खाली ठेवायचं असतं हे तिच्या ध्यानात नव्हतं.

इथे हे थांबायला हवं होतं असं एखाद्या सज्जन माणसाला वाटेल. पण हॉटेल रोज उघडायचं, आणि रोज तीच चटणी कुठून आणायची? गजाने सहदेवाला कायद्याचं पुढचं कलम समजावलं. इथून पुढे त्याला कुणी डॉक्टर म्हटलं आणि ते साहेबाच्या कानावर गेलं तर सरळ अलिबागचा तुरुंग.

"म्हननाऱ्याला?" सहदेवाने विचारलं.

"म्हननाऱ्याला कशाला? ऐकनाऱ्याला. तुमी ओ दिली की गुन्हा झाला."

त्या दिवसापासून सबनीसांची जीप फाट्यावर वळली की गावाला चेव यायचा. जो तो हातातलं काम टाकून "डाक्टर, ओ डाक्टर" अशी बोंब मारायचा. सहदेव जिथे असेल तिथून धोतर सावरत पळायचा आणि आपल्या खळ्यातल्या उडवीमागे, त्या भल्यामोठ्या पेंढ्याच्या ढिगात, मानेपर्यंत शिरून बसायचा. जीप निघून गेली की केसात काड्या घेऊन बाहेर यायचा. सबनीस बिचारे लस टोचायला आलेले असत. गावात शिरताच सगळी माणसं एवढ्या उत्साहाने आपल्याला हाका मारतात हे पाहून त्यांना आमच्या गावाबद्दल फार आपुलकी वाटू लागली होती.

मध्ये एकदा सहदेव माथेरानला जाऊन आला. तिथे घोडे पुष्कळ, आणि वर डोंगरावर कायदा धापा टाकत उशिरा पोचत असेल असा त्याचा अंदाज. पण माथेरानच्या घोड्याला नंबराचा बिल्ला असतो. घोडेवाल्याने घोड्याचा बिल्ला दाखवला आणि म्हणाला, तुझा दाखव. ही गोष्ट त्याच्या आधी कुंभिवलीला पोचली. "घोड्याला बिल्ला हाय आन् डाक्टरला नाय," हे पुढची दोन वर्षं गजाच्या हॉटेलात चहाबरोबर फुकट मिळायचं.

सगळ्यात मोठी अडचण झाली बायजाची. डॉक्टर म्हणायला सरकारची बंदी, सहदेव म्हणायला देवाधर्माची. तिच्याकडे नवऱ्याला हाक मारायला काही उरलंच नाही. "अवं" म्हणून पाहिलं तर त्याला ते ऐकू येईना. पंधरा-सोळा वर्षांची सवय. मग ती जेवण झालं की परातीवर उलथनं वाजवू लागली. ठण ठण आवाज आला की सहदेव घरी वळायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, बायजाच्या घरी शाळा भरली. लग्नाकार्यात ती नाव घ्यायच्या वेळी परसदारी भांडी घासायला जाऊन बसू लागली.

दोन-तीन वर्षं अशी गेली आणि एके दिवशी, भर दुपारी, गजाची म्हैस फुगली. हॉटेलचं दूध तीच द्यायची. वड्यासाठी भिजवलेल्या डाळीचं सबंध घमेलं तिने एका दमात संपवलं होतं. पोट नगाऱ्यासारखं, डोळे पांढरे. सबनीस साहेब लसटोचणीला कर्जतच्या बाजूला गेलेले. गजा झारा हातात तसाच घेऊन कुंभिवलीहून गावापर्यंत पळत आला. "डाक्टर," तो ओरडत होता, "ओ डाक्टर."

सहदेव खळ्यात होता. तो सवयीने उडवीत शिरला.

गजा घरी गेला, गोठ्यात गेला, विहिरीवर गेला. "डाक्टरसाहेब," तो ओरडला. सहदेव आणखी आत सरकला. गजा उडवीच्या अगदी शेजारून दोनदा गेला. शेवटी त्याचा आवाज फाटला आणि तो सोनुबाईसारखा "डाक्टरसाहेबमहाराज" म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. पेंढ्यात बसलेल्या सहदेवाच्या मनात एवढंच आलं की आज एकटी जीप नाही, मोठे साहेब आले असणार. त्याने श्वासही धरून ठेवला.

म्हैस मेली. सहदेव गेला असता तर ती वाचली असती का, हे मला विचारू नका. निम्म्या वाचत असत. ही कुठल्या निम्म्यातली होती ते तिच्याबरोबर गेलं.

संध्याकाळी केसात काड्या असलेला सहदेव गजाला रस्त्यात भेटला. गजा काही बोलण्याआधीच त्याने हात जोडले आणि पाठ केलेला पाढा म्हणावा तसा म्हणाला, "मी डाक्टर नाय, गजाभाऊ."

गजा दुसऱ्या दिवशी तणतणत खालापूरला गेला आणि सबनीसांपुढे त्याने फिर्याद मांडली की डॉक्टर असून आला नाही आणि म्हैस मारली. सबनीसांनी विचारलं, कोण डॉक्टर? मग एकेक करून सगळं बाहेर आलं. पाट, गुलाल, नदी, उडवी. गाव इतक्या प्रेमाने कुणाला हाका मारत होता तेही सबनीसांना त्याच दिवशी कळलं. ते हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं, आणि सरकारी माणसाला वाईट वाटलं की तो ते कुठेतरी टिपून ठेवतो, पुढे नियम निघाला तर बघू म्हणून.

नियम निघायला दहा वर्षं लागली. तोवर सबनीस बदल्यांवर चार तालुके फिरून, डोकं पांढरं करून, परत खालापूरला मोठ्या जागेवर आले होते. दिल्लीचा नवा कायदा झाला होता. त्यात अशी सोय होती की पदवी नसलेल्या पण शिक्षण घेतलेल्या माणसाला, डॉक्टरच्या देखरेखीखाली, जखम धुणं, लस टोचणं, बैल खच्ची करणं असली कामं करायला सरकारने परवानगी द्यावी. सबनीसांनी सहदेवाला शोधून काढलं. साठीला टेकलेला सहदेव मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर बाकावर बसून वर्गाला गेला, आणि बैलाची पुढची बाजूही शिकला. मग एके दिवशी शिक्क्याचा कागद आला.

वाचून घ्यायला सहदेवाने तो गजाकडेच आणला. दुसरीकडे कुठे नेणार? वाचणारा गजाच. शिवाय हा कागद सगळ्या हॉटेलाने ऐकावा अशी सहदेवाची इच्छा होती. गजाने हात पुसले, चष्मा लावला आणि खड्या आवाजात सुरू केलं, "सदरहू इसमास, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्यास..." आणि तो थांबला. त्याने कागद जवळ घेतला, लांब धरला. म्हैस मेल्यापासून दहा वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला नव्हता.

"किरकोळ म्हंजी?" सहदेवाने विचारलं. "वान्याकडं असतं त्ये?"

"त्येच की. डाक्टर दोन परकारचं असत्यात. घाऊक आन् किरकोळ. सबनीस साहेब घाऊक. तुमी किरकोळ."

"सरकारनं लिवलंय तसं?"

"खाली सही हाय. शिक्का हाय."

सहदेवाने कागद परत घेतला, त्या शब्दावर बोट ठेवून गजाकडून पुन्हा एकदा दाखवून घेतला, आणि तो तसाच उठून खोपोलीला गेला. जुना पेंटर वारला होता. त्याच्या मुलाने पाटी रंगवली. डॉक्टर हा शब्द सहदेवाने कटाक्षाने येऊ दिला नाही. कायदा तो आता पुरता शिकला होता. नवी पाटी दारावर लागली. "सहदेव ठोंबरे, सरकारमान्य किरकोळ." ज्वाळांसकट.

बायजाने विचारलं, "ह्ये म्हनाया चालंल?"

"सरकारनंच दिलंय," सहदेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने उलथनं जागेवर ठेवलं आणि दारात येऊन, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी, कित्येक वर्षांत न मारलेली हाक मारली. "किरकोळ, जेवाय चला." आळीने ती ऐकली. जेवत असलेल्यांना ठसका लागला. बायजाला वाटलं लोकांना आपला आनंद बघवत नाही, म्हणून तिने आणखी मोठ्याने मारली.

गजाने हमरस्त्यावर आपल्या हॉटेलाच्या खांबाला बाणाची खूण करून ठेवली, "किरकोळ, आत अर्धा मैल." ट्रकवाले आत यायचे आणि सहदेवाकडे विडीकाडी, साबण, खोबरेल मागायचे. सहदेव त्यांना समजावायचा, की हे किरकोळ तसलं नव्हे, सरकारी हाय.

मग सबनीसांची जीप आली. सहदेव उडवीकडे पळाला नाही. आता त्याच्याकडे कागद होता. तो कोट घालून पाटीखाली उभा राहिला. सबनीस उतरले, त्यांनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"ही कुणी लावली?"

"मीच, साहेब. नियमात हाय ना?"

आणि सबनीस हसले. पंधरा वर्षांत ज्या माणसाच्या ओठाचा कोपरा हलला नव्हता तो जीपच्या दाराला धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "नियमात आहे," ते मधून मधून म्हणत होते, "अगदी नियमात आहे." साहेब हसतो म्हणून सहदेवही थोडा हसला. मग त्याने वर पाटीकडे पाहिलं. मग बायजाकडे. बायजा आत गेली, आणि संध्याकाळी परातीवर उलथनं वाजलं.

पाटी मात्र त्याने काढली नाही. काढायची तर गावाला विचारावं लागणार, आणि गावाला विचारलं तर गाव पाट मागणार, गुलाल आणणार आणि नदीवर नेणार, हे त्याला माहीत होतं. ती राहिली. नावही राहिलं. "किरकोळ आले का?" "किरकोळांनी वासराला लस टोचली." आता काम तो नीट शिकला होता आणि निम्म्यापेक्षा पुष्कळ जास्त गुरं वाचत होती, पण त्याची बातमी होत नसे. वाचलेल्या गाईला काय हसायचं?

पुढच्या वैशाखात गजाच्या मुलीचं, मैनाचं लग्न झालं. मांडव आमच्याच गावात, सहदेवाच्या खळ्याला लागून. सबनीस साहेबही जेवायला आले होते, जीप मांडवाच्या तोंडाशी उभी. पुरुषांची पंगत बसली. सहदेव शेवटच्या पानावर होता आणि बुंदी वाढली जात होती. तेवढ्यात बायकांनी नाव घ्यायला सुरुवात केली. बायजा नेहमीप्रमाणे परसदारी निघाली होती. तिला चौघींनी धरून मध्ये आणली.

"आज सोडायची नाय," सोनुबाई म्हणाली. ती आता अगदी वाकली होती, पण हसायला तिला ताठ व्हावं लागत नसे. "किरकोळला जुळतंय काय त्ये बगू. घोळ जुळतंय, पोळ जुळतंय."

पंगतीतले हात थांबले. सगळ्यांनी हसू तोंडात तयार धरलं होतं. बायजाने पदर खोचला. तिने दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही, सबनीस बसले होते तिकडे सरळ पाहिलं आणि बाजारात भाजीचा भाव सांगावा तशा स्वच्छ आवाजात म्हणाली:

"वालाच्या येलाला शेंगा लागल्या येलभर,
गोठ्यात हंबरली गाय, म्हणे आलं माजं डाक्टर."

कुणी हसलं नाही. गजासुद्धा नाही. क्षणभर वाटलं की तो शब्द पंधरा वर्षं नदीच्या तळाशी चिखलात होता आणि आता वर आला.

तेवढ्यात पंगतीच्या शेवटी भांडं उपडं झालं. सहदेव उठला होता. तोंडातला घास तसाच, चेहरा पांढराफटक, डोळे मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जीपवर. सबनीसांचं लक्ष गेलं. भला माणूस. त्यांना वाटलं आपण काहीतरी चांगलं बोलावं, आणि जे इतकी वर्षं नियमात बसत नव्हतं ते त्या दिवशी त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

"अहो डॉक्टर, बसा. बसा डॉक्टर."

साहेबाच्या स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर सहदेवाने आणखी कशाची वाट पाहिली नाही. धोतर सावरत, पत्रावळींवरून उड्या मारत, तो मांडवाच्या मागच्या बाजूने पळाला. "किरकोळ पळालं," कुणीतरी म्हणालं, आणि मग मात्र मांडव फुटला. नवरी हसली, नवरदेवाच्या मुंडावळ्या सुटल्या, वाढप्याच्या हातातलं बुंदीचं घमेलं कलंडलं. असं लग्न तालुक्यात झालं नाही असं वऱ्हाडी जाताना सांगून गेले.

हात धुवायच्या निमित्ताने आम्ही काही जण मागे गेलो. वैशाखापर्यंत गुरांनी खाऊन खाऊन उडवी खालून खचली होती, आणि तिच्या एका बाजूने पेंढा हलत होता. बायजा पितळीत बुंदी घेऊन तिथे उकिडवी बसली होती. तिने पितळीच्या कडेवर बांगडी वाजवली. ठण ठण.

"जीप गेली?" आतून आवाज आला.

बायजाने मान वळवून पाहिलं. जीप मांडवाच्या तोंडाशीच होती, आणि सबनीस तिच्याजवळ उभे राहून चष्मा पुसत होते.

"गेली," ती म्हणाली.

पेंढ्यातून एक हात बाहेर आला, त्याने पितळी चाचपून मूठभर बुंदी घेतली, आणि तो परत आत गेला.